नंबर येतो, नाव कोण सांगतं?



फोन वाजला की हात आधी थांबतो आणि डोळे स्क्रीनवर जातात. नाव ओळखीचं असेल तर उचलायचा, नुसता नंबर असेल तर वाजू द्यायचा, हा आता घरोघरचा नियम झाला आहे. त्यात चूकही काही नाही. "तुमच्या नावानं पार्सल आलंय, त्यात भलतीच वस्तू सापडली", "आज रात्री तुमची वीज तोडणार", "तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे" असले फोन आपल्यापैकी बहुतेकांना येऊन गेले आहेत.

पण या नियमाची दुसरी बाजूही आहे. खोट्या फोनबरोबर खराही वाजून वाजून बंद होतो. दवाखान्यातून रिपोर्टसाठी आलेला, बँकेतून आलेला, नातवानं मित्राच्या मोबाइलवरून केलेला. म्हणून या वेळी दोन गोष्टी बोलू. स्क्रीनवर दिसणारं नाव येतं कुठून? आणि मंडळ, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी आपलं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज बसवायचं तर लाइन कोणती घ्यायची? प्रश्न दोन वाटतात, पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर बरंचसं अवलंबून आहे.

खुशालीचा फोन

आमच्या भागातल्या मराठी मंडळात एक साधा उपक्रम चालतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज सकाळी एक फोन करायचा. मुलं पुण्यात, बंगळुरूत, नाहीतर न्यू जर्सीत; इंदुरात आई किंवा वडील एकटे. "काकू, चहा झाला का? गुडघा कसा आहे?" एवढंच विचारायचं. दोनदा फोन उचलला नाही, तर जवळ राहणाऱ्या कार्यकर्त्यानं घरी जाऊन बघायचं.

अडचण अशी झाली की फोन उचललेच जाईनात. पाच-सहा कार्यकर्ते आळीपाळीनं आपापल्या मोबाइलवरून फोन करत. आज एक नंबर, उद्या दुसरा. पलीकडच्या काकूंच्या स्क्रीनवर दर वेळी नवा अनोळखी नंबर. मुलांनी त्यांना बजावून ठेवलेलं, "आई, अनोळखी फोन घ्यायचा नाही." आईनं ऐकलं. मग कार्यकर्ता धावत घरी जायचा, तर काकू देवपूजा आटोपून निवांत बसलेल्या. असं आठवड्यातून चारदा झालं की पाचव्या दिवशी कार्यकर्ता जात नाही, आणि नेमकी तेव्हाच काकू न्हाणीघरात घसरून पडलेल्या असू शकतात. उलट बाजूनंही तसंच. काकूंनी परत फोन केला तर तो ज्याचा मोबाइल त्यालाच जाणार, आणि तो त्या वेळी नोकरीवर.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला म्हणून हे काम कार्यकारिणीनं माझ्याकडे दिलं. "एकच नंबर असावा, कोणीही तिथून बोलू शकावं, आणि आत येणाऱ्या फोनवर सभासदाचं नाव दिसावं," एवढी मागणी. तिच्या निमित्तानं जे करावं लागलं, ते इथे सांगतो.

फोनबरोबर नाव येत नाही

जुन्या वाचकांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर बुक करायचा आणि तास न् तास वाट बघायची. मग ऑपरेटर सांगायची, "नागपूरहून कॉल आहे, बोला." घरोघरी फोन नव्हते तेव्हा लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहीत. कोणाचा फोन आहे हे तेव्हा जिवंत माणूस सांगत असे. सरळ डायल करायची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर सुरू झाली आणि पुढे गावोगाव पसरली. ऑपरेटर मधून गेली आणि तिच्याबरोबर नाव सांगणारा माणूसही गेला.

पुढे फोनवर नंबर दिसायला लागला. पण तो नंबरच, नाव नव्हे. आपल्याकडच्या तांब्याच्या तारेच्या लाइनवर हे कसं होतं ते गमतीचं आहे. घंटी वाजण्याआधी एक्स्चेंज तारेवरची धन-ऋण बाजू क्षणभर उलटी करतं आणि फोन करणाऱ्याचा नंबर बटणांच्या 'टूं टां' आवाजांत पाठवतं. तेच आवाज, जे आपण फोनची बटणं दाबताना ऐकतो. अमेरिकेत रीत वेगळी. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे संगणकी संदेश जातो आणि त्यात नावालाही जागा असते. आपल्या पद्धतीत बटणांचे आवाज, म्हणजे आकडेच. त्यात 'कुलकर्णी' कसं बसवणार?

मोबाइल आणि इंटरनेटवरच्या फोनमध्ये नाव पाठवायची तांत्रिक जागा आहे. पण फोन करणाऱ्यानंच स्वतःचं नाव पाठवायचं म्हटलं, तर कोणीही 'स्टेट बँक' असं लिहून पाठवील. म्हणून जगभर रीत अशी की नंबर येतो आणि घेणाऱ्या बाजूचं कोणीतरी वही उघडून त्या नंबरसमोरचं नाव वाचतं. याला मी 'नावशोध' म्हणतो. नाव दिसलं की विचारायचा प्रश्न एकच: ही वही कोणाची?

तीन वह्या

पहिली वही आपल्या मोबाइलमधली. आपण स्वतः लिहिलेली नावं. 'मावशी नाशिक', 'दूधवाला', 'नळवाला नवीन'. या वहीइतकी भरवशाची दुसरी वही नाही, कारण ती आपल्या हातची आहे.

दुसरी वही लोकांची. ट्रूकॉलर हे ॲप २००९ साली स्वीडनमध्ये सुरू झालं आणि भारतात घराघरांत पोचलं. अशा ॲपचं तत्त्व सोपं आहे. वापरणाऱ्यांनी दिलेली माहिती, त्यांच्या तक्रारी, त्यांनी लावलेली नावं एकत्र करायची आणि सगळ्यांना दाखवायची. 'फसवणूक' असा लाल शेरा दिसला की माणूस सावध होतो, हा खरा फायदा आहे. पण ही वही बहुमताची आहे. लोकांनी ज्याला 'शर्मा प्लॉटवाले' म्हटलं तो तसाच दिसतो, मग त्यानं धंदा बदलला असला तरी. आणि नवं सिम घेऊन कोणी स्वतःला 'पोलीस निरीक्षक' म्हणवून घेतलं, तर ते खोटं आहे हे वहीला कळायला काही लोकांनी तक्रार करावी लागते.

तिसरी वही टेलिफोन कंपन्यांची. सिम घेताना आपण आधार दाखवून जो अर्ज भरतो, त्यातलं नाव. दूरसंचार नियामक म्हणजे ट्राय, त्यांनी २३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिफारस केली की फोन येताना या अर्जातलं नाव घेणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्राय आणि दूरसंचार विभाग यांचं यावर जुळलं. ही सोय सगळ्यांना आपोआप मिळावी आणि नको असेल त्यानं ती बंद करून घ्यावी, असं ठरलं. सुरुवात ४जी आणि त्यापुढच्या फोनपासून, आणि तीही टप्प्याटप्प्यानं. काम असं चालतं: काकूंच्या कंपनीकडे फोन आला की ती कंपनी फोन करणाऱ्याच्या कंपनीला विचारते, "हा नंबर कोणाच्या नावावर?" उत्तर येतं आणि नाव दिसतं.

अमेरिकेत हे बऱ्याच वर्षांपासून आहे, पण तिथे नावाला १५ अक्षरांचीच जागा. तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या चंद्रशेखररावांचं नाव रोमन लिपीत लिहिलं की १४ अक्षरं होतात. एक जागा मोकळी सोडली की आडनावाला काहीच उरत नाही!

तिसरी वही सरकारी कागदांवर उभी आहे, म्हणून लोकांच्या वहीपेक्षा भक्कम. पण तिच्यात एक गोम आहे, आणि ती थेट आपल्या घरांशी येऊन भिडते. किती घरांत आजीचं सिम मुलाच्या नावावर असतं? सुनेचं सासऱ्यांच्या? मुलाच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी वडिलांच्या आधारवर घेतलेलं सिम, मुलगा नोकरीला लागला तरी तसंच? ही वही वापरणारा माणूस कोण हे जाणत नाही, अर्ज कोणी भरला एवढंच जाणते. आजी फोन करील आणि नाव मुलाचं दिसेल. एखाद्या घरात तर जे आज हयातही नाहीत त्यांचं.

संस्थांची स्थिती तर याहून नाजूक. मंडळाचा मोबाइल बहुतेक वेळा कोण्या जुन्या कार्यवाहांच्या नावावर असतो. कार्यवाह बदलतात, सिम तेच राहतं. मंडळातून गणेशोत्सवाच्या निमंत्रणाचा फोन जाईल आणि स्क्रीनवर दहा वर्षांपूर्वीच्या कार्यवाहांचं नाव उमटेल. म्हणूनच लाइन कोणती आणि कोणाच्या नावावर, हा प्रश्न निव्वळ वायरिंगचा नाही.

घरचं एक्स्चेंज

ऑफिसात 'ईपीएबीएक्स' नावाचा डबा आपण पाहिला आहे. बाहेरच्या दोन-चार लाइनी, आत दहा-वीस एक्स्टेन्शन. पूर्वी हा डबा महाग असे आणि त्यात बदल करायचा तर कंपनीचा माणूस बोलवावा लागे. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी असा डबा हवा होता आणि परवडत नव्हता. त्यानं साध्या संगणकावर चालणारी प्रणाली स्वतःच लिहिली आणि सगळ्यांना खुली करून टाकली. तिचं नाव ॲस्टेरिस्क, म्हणजे फोनवरची ती तारका. 'खुली' म्हणजे तिचा मजकूर कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, वापरायला परवान्याची फी नाही. तिच्यावर फ्रीपीबीएक्ससारखे पडदे तयार झाले, त्यामुळे आज्ञा टाइप न करता ब्राउझरमध्ये खुणा करूनही काम होतं. जगभर हजारो लोकांनी तिच्यात भर घातली आहे.

ही भर किती बारीक असते याचं एक उदाहरण मला फार आवडतं. वर सांगितलं ना, आपल्याकडे तारेची धन-ऋण बाजू उलटते आणि मग नंबर बटणांच्या आवाजांत येतो? ॲस्टेरिस्कमध्ये तारेच्या लाइनीसाठी जी सेटिंगची यादी आहे, तिच्यात एक पर्याय खास भारतासाठी लिहिलेला आहे, नावाच्या शेवटी 'आयएन' अशी खूण असलेला. तो निवडला नाही तर फोन वाजतो, बोलणं होतं, सगळं ठीक, फक्त नंबर कधीच दिसत नाही. आणि नंबरच नाही तर नाव शोधणार कशावरून? आपल्या जुन्या एक्स्चेंजच्या सवयी कोणीतरी समजून घेऊन तिथे नोंदवून ठेवल्या, म्हणून आज इंदुरातल्या मंडळाचं काम होतं.

लाइन कोणती?

आता मुख्य निवड. एक्स्चेंज कितीही हुशार असलं तरी बाहेरच्या जगाशी ते लाइनीनंच बोलतं. आपल्याकडे साधारण पाच वाटा आहेत.

*तांब्याची लँडलाइन.* ०७३१ चा जुना नंबर. मोठा गुण असा की तिला वीज एक्स्चेंजमधूनच मिळते, ४८ व्होल्टची. वीज गेली तरी साधा फोन चालतो. दोष असा की एका लाइनीवर एका वेळी एकच बोलणं, आणि तारा पावसात कुरकुरतात. नव्या वस्त्यांत तर तांबं मिळणंच अवघड झालं आहे.

*फायबरवरचा फोन.* नंबर तसाच शहराच्या कोडचा, आवाज स्वच्छ. पण घरातल्या त्या छोट्या डब्याला वीज आपली लागते. छोटा यूपीएस नसेल तर वीज गेली की फोनही गेला. ज्येष्ठांसाठीच्या कामात हे आधी लक्षात घ्यायला हवं.

*पीआरआय.* मोठ्या संस्थांची लाइन. एका जोडणीवर एका वेळी ३० बोलणी, नंबर आकड्यांच्या स्वरूपात चोख येतो. मोठ्या रुग्णालयाला किंवा कॉलेजला शोभेल. आमच्या मंडळाला म्हणजे चार माणसांच्या सहलीला पन्नास आसनी बस.

*सिप ट्रंक.* परवानाधारक टेलिफोन कंपनीनं इंटरनेट किंवा स्वतःच्या फायबरवरून दिलेली लाइन. दोन वाहिन्या घ्या, चार घ्या, पुढे वाढवा. खुल्या प्रणालीशी ही सगळ्यात सहज जुळते, मधे कुठलं कार्ड लागत नाही. मात्र दोन पथ्यं. एक, लाइन परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्यायची. इंटरनेटवर परदेशी नंबर स्वस्तात देणारे खूप आहेत, पण त्या नंबरवरून इंदूरच्या काकूंना फोन गेला तर त्यांच्या स्क्रीनवर कुठल्या देशाचा कोड दिसेल, विचार करा. दोन, पासवर्ड भक्कम ठेवायचे आणि आंतरराष्ट्रीय फोन बंद ठेवायचे. कमकुवत पासवर्ड शोधून रात्रीतून परदेशी फोन लावणारे चोर जगभर टपलेले असतात, आणि बिल लाइनीच्या मालकालाच येतं.

*सिम घालायचा डबा.* मोबाइलची सिम एका डब्यात घालून तो एक्स्चेंजला जोडायचा. दिसायला सगळ्यात स्वस्त. पण सिम कोणा व्यक्तीच्या नावावर, म्हणजे नावाचा घोळ पुन्हा तिथेच. शिवाय अशाच डब्यांत शेकडो सिम घालून परदेशातून आलेले फोन देशी नंबरांवरून सोडण्याचा बेकायदा धंदा चालतो, त्यावर पोलिसांच्या धाडी पडतात. मंडळानं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत पडलं.

आम्ही सिप ट्रंक घेतली, दोन वाहिन्यांची, ०७३१ च्या नंबरसह, आणि मंडळाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, मंडळाच्याच नावानं. कागदपत्रांना थोडे दिवस लागले. कार्यकारिणीत एकानं विचारलं, "माझ्या नावावर आजच्या आज मिळते, मग एवढा खटाटोप कशाला?" कारण असं की ट्रायच्या त्या शिफारशींत संस्थांसाठी एक चांगली तरतूद आहे. व्यवसायाच्या किंवा ठोक जोडण्या असणाऱ्यांना अर्जातल्या नावाऐवजी आपलं सरकारदरबारी नोंदलेलं प्रचलित नाव दाखवता यावं. लाइन व्यक्तीच्या नावावर असेल तर हा रस्ताच बंद. आणि व्यक्ती उद्या नसली तर नंबरही अडकतो. संस्थेचा नंबर संस्थेचाच असावा.

आपली वही आपण ठेवायची

आता आत येणाऱ्या फोनवर नाव कसं दाखवायचं? खुल्या प्रणालीत नावशोधाचे बरेच रस्ते जोडता येतात. बाहेरच्या एखाद्या सेवेला नंबर पाठवायचा आणि नाव मागवायचं, हाही एक. आम्ही तो घेतला नाही. कारण प्रत्येक वेळी सभासदाचा नंबर तिऱ्हाइताकडे जातो. अमुक काकूंनी अमुक दिवशी मंडळाला फोन केला, हे बाहेरच्या कोणाला का कळावं? वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. पण कायदा नसता तरी हे शहाणपणाचंच होतं.

ॲस्टेरिस्कच्या पोटात स्वतःची छोटी वही असते. नंबर आला की तिच्यात बघायचं, सापडलं तर नाव लावायचं, नाही तर नुसता नंबर दाखवायचा. सभासदांच्या संमतीनं यादीतले नंबर त्यात भरले. इथे एक बारीक काटा आहे. तोच मोबाइल नंबर कधी नुसता दहा आकडी येतो, कधी पुढे शून्य लागून, कधी ९१ लागून. वहीत दहा आकडे आणि आलेले अकरा, तर संगणकाला ते दोन वेगळे वाटतात. उपाय सोपा. पुढचं काहीही असो, शेवटचे दहा आकडेच जुळवायचे. इंदूरच्या लँडलाइनलाही हे चालतं, कारण ७३१ हा कोड आणि सात आकडी नंबर मिळून दहाच होतात. जाणाऱ्या फोनसाठी दुसरी काळजी: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. ते शून्य एक्स्चेंजच लावील अशी सोय केली, म्हणजे कार्यकर्त्याला आठवायला नको.

नावापुढे आणखी दोन शब्द जोडले. 'देशपांडे काकू, एकट्या, जिना' असं काही दिसलं की फोन उचलणाऱ्या नव्या मुलीलाही कळतं की इथे घाई करायची नाही आणि फोन तुटला तर लगेच परत लावायचा. हे कुठल्याही कंपनीच्या वहीत मिळणार नाही. ते आपल्यालाच माहीत असतं आणि आपणच लिहायचं असतं.

आणि काकूंच्या बाजूनं

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र संगणकावर झालंच नाही. दोन कार्यकर्त्या प्रत्येक घरी गेल्या आणि त्या ज्येष्ठांच्या मोबाइलमध्ये मंडळाचा नंबर मराठीत सेव्ह करून आल्या. ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांच्यासाठी वेगळी घंटी लावून दिली. शेवटी काकू ज्या नावावर विश्वास ठेवणार ते पहिल्या वहीतलं, स्वतःच्या फोनमधलं. कंपनीची वही येईल तेव्हा येवो, आजचं काम आजच्या वहीनं झालं. आता फोन उचलले जातात. उचलला नाही तर ते खरंच कारण असतं, आणि कार्यकर्ता तडक निघतो.

पण इथेही एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. नंबर खोटा दाखवता येतो. परदेशातून आलेल्या फोनवर भारतीय नंबर दिसावा अशी हातचलाखी इतकी चालायची की सरकारनं २२ ऑक्टोबर २०२४ रोजी ती अडवणारी यंत्रणा सुरू केली, आणि पहिल्या २४ तासांत १.३५ कोटी असे फोन अडवले गेले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा लबाडीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडही आहे. तरीही उद्या कोणी मंडळाचा नंबर दाखवून "काकू, वर्गणी भरा, ही लिंक दाबा" म्हणणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

म्हणून आम्ही दोन नियम केले आणि घरोघरी सांगितले. मंडळ फोनवर पैसे, ओटीपी किंवा आधार कधीही मागणार नाही. आणि शंका आली तर फोन ठेवायचा आणि स्वतः मंडळाचा नंबर लावायचा. आलेल्या फोनवरचा नंबर खोटा असू शकतो, पण आपण लावलेला फोन त्या नंबरच्या खऱ्या मालकाकडेच जातो. हा एक उपाय बँकेला, पोलिसांना, मुलाच्या नावानं आलेल्या फोनला, सगळ्यांना लागू पडतो. फक्त परत लावायचा नंबर आपल्या वहीतला किंवा पासबुकावरचा हवा, समोरच्यानं दिलेला नको.

स्क्रीनवर नाव खरं दिसलं तरी माणूस खरं बोलतोय असं होत नाही, हेही ध्यानात ठेवा. स्वतःच्या खऱ्या आधारवर सिम घेऊनही कोणी फसवू शकतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीच गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. व्हिडिओवर खाकी गणवेश दिसला तरी फोन ठेवायचा.

घरी करायच्या पाच गोष्टी

१. संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते बघा. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच कळवा.

२. घरात कोणाचं सिम कोणाच्या नावावर आहे याची कागदावर यादी करा. जो वापरतो त्याच्या नावावर करून घ्या. दिवंगत माणसाच्या नावावरचं सिम तर आधी.

३. आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये दवाखाना, औषधवाला, मंडळ, शेजारी यांचे नंबर तुम्ही स्वतः बसून, त्यांना कळेल अशा नावानं सेव्ह करा. "अनोळखी फोन घेऊ नका" एवढं सांगून काम संपत नाही. ओळखीचे कोणते तेही सांगावं लागतं.

४. १४० नं सुरू होणारा फोन जाहिरातीचा. १६०० ची मालिका बँका, विमा आणि सरकारी कामांसाठी राखलेली. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणालं तर संशय घ्याच.

५. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील पण फोन संशयास्पद असेल तर संचार साथीवरच्या 'चक्षू' सोयीत तक्रार नोंदवा.

ज्या मंडळांना किंवा वाचनालयांना असं छोटं एक्स्चेंज बसवायचं असेल त्यांनी जरूर विचारावं. जुना संगणक चालतो, एक यूपीएस लागतो. लाइन देणाऱ्या कंपनीला मात्र आधी दोन प्रश्न विचारा: जोडणी संस्थेच्या नावानं मिळेल का, आणि बाहेरून येणारा नंबर व नाव आमच्या एक्स्चेंजपर्यंत पोचेल का? दोन्हींची उत्तरं लेखी घ्या, मगच सही करा.

पुढच्या महिन्यात वीज गेल्यावर घरातलं वायफाय आणि फोन किती वेळ चालू ठेवता येतो, त्याचा हिशोब मांडू. तोवर पोहे खात खात एकदा आईच्या फोनमधली वही उघडून बघा.